वाचकांचे प्रश्न : चुंबक तांब्याला चिकटत नाही, मग नळीत रेंगाळला का?

या वेळच्या टपालातील एक पत्र नऊ पानांचे होते आणि त्यात आकृत्याही होत्या. इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीने हाताळण्याजोग्या वस्तूंच्या विज्ञान प्रदर्शनात घालवलेल्या दिवसाची हकिगत त्यात लिहिली आहे आणि शेवटी प्रश्न विचारले आहेत. त्याच विषयावर एका शिक्षकांचे आणि एका पालकांचेही पत्र आले असल्यामुळे ही तिन्ही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. पहिले पत्र जागेअभावी संक्षिप्त केले आहे; विद्यार्थिनीने राग मानू नये.

पहिले पत्र

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्या वर्गाला विज्ञान प्रदर्शनाला नेणार असे कळले, तेव्हा काचेच्या कपाटांपुढून रांगेने जावे लागणार आणि घरी आल्यावर निबंध लिहावा लागणार, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात दारातच ‘प्रत्येक वस्तूला हात लावून पाहा’ अशी पाटी होती. पहिला अर्धा तास आम्ही नुसते धावत होतो. एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर समोरासमोर उभ्या केलेल्या दोन मोठ्या वाडग्यांपैकी एकाशी मी पुटपुटले आणि दुसऱ्याशी उभ्या असलेल्या मैत्रिणीला ते कानात सांगितल्यासारखे स्पष्ट ऐकू गेले. दोन्ही टोकांना निमुळता असलेला एक लाकडी दुहेरी शंकू उतरत्या रुळांवर न उतरता चक्क चढाकडे घरंगळत गेला. हे सगळे गमतीचे होते. परंतु काही वस्तूंपाशी मी पुन्हा पुन्हा गेले, कारण तेथे लावलेला फलक वाचूनही माझे समाधान झाले नाही.

फिरत्या खुर्चीवर बसवून माझ्या हातात दोन्ही बाजूंना मुठी असलेले सायकलचे चाक दिले आणि मार्गदर्शकांनी ते जोरात फिरवले. मी चाक आडवे करताच खुर्ची आपोआप फिरू लागली, उलटे करताच उलट फिरली. पाय तर मी जमिनीला लावलेच नव्हते! नंतर चाकाऐवजी दोन वजने हातात दिली. हात पसरून फिरत असताना ते छातीशी घेतले, तर खुर्ची इतक्या वेगाने फिरली की मला डोळे मिटावे लागले. ‘कोनीय संवेग अक्षय्य राहतो’ असे फलकावर लिहिले होते. अक्षय्य राहतो, तर मग वेग वाढण्यासाठी लागलेली ऊर्जा आली कोठून?

तांब्याच्या जाड नळीत साधा लोखंडी तुकडा टाकला, तर तो तत्काळ खाली आला. तेवढ्याच आकाराचा चुंबक टाकला, तर मनात सहा मोजेपर्यंत तो खाली आला नाही. तो नळीला चिकटत असेल असे मला वाटले, पण बाहेरून लावून पाहिल्यावर तो तांब्याला मुळीच चिकटत नव्हता. मी हा प्रयोग निदान पंधरा वेळा केला आणि मागे उभी असलेली मुले माझ्यावर चिडली.

मधल्या दालनात छतापासून लोंबणारा प्रचंड लंबक होता. तो पृथ्वी फिरते हे दाखवतो असे सांगितले गेले. परंतु त्याच्या तारेभोवती वर विद्युतचुंबक बसवलेला मी पाहिला. बाहेरून धक्का दिला जात असेल, तर ही फसवणूक नाही का?

हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू झोत तिरपा केला तरी पडत नाही, त्याचे कारण फलकावर ‘वेगवान हवेचा दाब कमी असतो’ असे एका ओळीत दिले होते. तेवढ्याने मला काही कळले नाही. आणि शेवटचा प्रश्न : तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एकाच पांढऱ्या पडद्यावर सोडले होते. मी हात मध्ये धरला, तर पडद्यावर हाताच्या रंगीत सावल्या पडल्या आणि त्यांतील एक पिवळी होती. सावली रंगीत कशी असू शकते आणि पिवळा दिवा नसताना पिवळा रंग कोठून आला?

उत्तर

तुझ्या पत्रातील मला सर्वांत आवडलेले वाक्य ‘निदान पंधरा वेळा केला’ हे आहे. मागच्या मुलांचा राग न्याय्य असला तरी तुझा हट्टही न्याय्य होता.

खुर्चीपासून सुरुवात करू. फिरणाऱ्या वस्तूचे फिरणे किती ‘भारी’ आहे याचे माप म्हणजे कोनीय संवेग, आणि या मापाला दिशाही असते. ती चाकाच्या आसाच्या रेषेत मोजतात. मार्गदर्शकांनी चाक फिरवून दिले तेव्हा त्याचा आस जमिनीला समांतर होता, म्हणजे उभ्या दिशेने पाहता तुझा, खुर्चीचा आणि चाकाचा मिळून संवेग शून्य होता. खुर्चीच्या खालचा बेअरिंग गुळगुळीत असल्यामुळे जमीन तुला उभ्या आसाभोवती पिळू शकत नाही. त्यामुळे त्या दिशेतील एकूण बेरीज तू काहीही केलेस तरी शून्यच राहावी लागते. तू चाक आडवे केलेस आणि वरून पाहता ते डावीकडे फिरू लागले, तर बेरीज शून्य ठेवण्यासाठी तुला आणि खुर्चीला उजवीकडे फिरणे भाग आहे. चाक हलके असूनही भरभर फिरते आणि तू जड असल्यामुळे हळू फिरतेस, एवढाच फरक. चाक वळवताना ते हातांत विचित्रपणे वळवळले असेल. ती वळवळ हाच खुर्ची फिरवणारा पीळ होता, म्हणजे खुर्ची आपोआप नव्हे तर तुझ्याच हातांनी फिरली.

आता चौकस वाचक विचारील की चाकाला सुरुवातीला जो आडव्या दिशेचा संवेग होता, तो गेला कोठे. त्या दिशेने खुर्ची मोकळी नसते. ती जमिनीवर घट्ट उभी असते. म्हणून तो संवेग खुर्चीच्या पायांतून जमिनीत, म्हणजे पृथ्वीत गेला. पृथ्वीच्या आकारापुढे त्याचा परिणाम मोजण्यापलीकडचा आहे, पण हिशेबात तो धरावा लागतो. पुन्हा जाशील तेव्हा एक बदल करून पाहा. आस उभा असलेले, आधीच फिरणारे चाक स्थिर खुर्चीवर बसून हातात घे आणि मग ते पूर्ण उलटे कर. या वेळी तुझा वेग पहिल्या वेळेच्या सुमारे दुप्पट भरेल, कारण चाकाचा संवेग शून्यापासून नव्हे, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदललेला असेल.

ऊर्जेचा प्रश्न याहून खोल आहे आणि नववीत तो पडावा याचे मला कौतुक वाटते. संवेग आणि ऊर्जा ही दोन वेगळी खाती आहेत. एक अक्षय्य राहिले म्हणून दुसरे आपोआप तितकेच राहत नाही. वजने आसाजवळ आल्यामुळे तुझे फिरण्याविरुद्धचे जडत्व निम्मे झाले असे धर. संवेग कायम ठेवायचा तर फिरण्याचा वेग दुप्पट व्हावा लागतो, आणि जडत्व निम्मे व वेग दुप्पट असा हिशेब मांडला की गतिज ऊर्जाही दुप्पट भरते. ही जादा ऊर्जा तुझ्या दंडांच्या स्नायूंनी पुरवली. फिरत असताना वजने बाहेर ओढली जात असल्यासारखे तुला वाटले असेल, आणि त्या ओढीविरुद्ध ती छातीशी आणताना तू कार्य केलेस. न फिरता हात जवळ घेणे आणि फिरताना घेणे यांत किती फरक पडतो, हे तुझ्या हातांना फलकापेक्षा अधिक ठाऊक आहे.

चुंबकाच्या प्रश्नावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते अशा प्रदर्शनांतील ही सर्वांत सुंदर वस्तू असते. एका नळीशिवाय आणि एका तुकड्याशिवाय तेथे काहीच नसते, लपवायला जागाही नसते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले की वाहकाजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तर त्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण होतो. तुझा चुंबक खाली पडताना नळीच्या प्रत्येक भागाजवळ येतो आणि त्याच्यापासून दूर जातो. म्हणून त्या त्या भागातील क्षेत्र आधी वाढते आणि मग घटते. नळी म्हणजे एकावर एक रचलेल्या असंख्य तांब्याच्या बांगड्या आहेत असे समज. प्रत्येक बांगडीत क्षणभर प्रवाह गोल फिरतो. हाइन्रिख लेंझ यांनी १८३४ मध्ये या प्रवाहाच्या दिशेचा नियम सांगितला : ज्या बदलामुळे प्रवाह निर्माण झाला, त्या बदलालाच तो विरोध करतो. चुंबकाच्या खालच्या बांगड्या त्याला वर ढकलतात, वरच्या बांगड्या त्याला मागे ओढतात, आणि दोहोंच्या मधून बिचारा चुंबक रेंगाळत खाली येतो. तांबे चुंबकाला चिकटत नाही हे तुझे निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच प्रयोग शुद्ध ठरतो. चुंबक आणि तांबे यांपैकी एक हलत असेल तेव्हाच हे बल असते. तू चुंबक नळीच्या बाहेर स्थिर धरलास तेव्हा ते नव्हतेच.

यावरून आणखी एक गोष्ट विचार करूनच कळते. चुंबक नळीत मध्येच पूर्ण थांबेल का? थांबला, तर क्षेत्र बदलणार नाही, प्रवाह राहणार नाही, रोखणारे बल नाहीसे होईल आणि तो पुन्हा पडू लागेल. म्हणजे तो थांबू शकत नाही. त्याला एक असा वेग सापडतो की ज्या वेगाला रोखणारे बल वजनाइतकेच होते, आणि मग तो एकाच गतीने उतरत राहतो. एक मीटर उंचीवरून मोकळा सोडलेला तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आत जमिनीवर येतो. तुझा चुंबक सहा मोजेपर्यंत आला नाही, यावरून हे बल किती लवकर वजनाची बरोबरी करते याची कल्पना येईल. उंचीवरून खाली आल्यामुळे जी ऊर्जा मोकळी झाली, तिने चुंबकाचा वेग वाढला नाही. ती तांब्यातील प्रवाहांनी उष्णतेत बदलली. पंधरा वेळांत तुझी नळी जराशी तापलीही असेल, फक्त ती वाढ बोटांना कळण्याइतकी मोठी नसते.

पुढच्या वेळी मार्गदर्शकांना विचारून ती नळी काटा असलेल्या ताणकाट्याला टांगून पाहा. चुंबक हवेतून एकसारख्या गतीने उतरत असताना आणि नळीला स्पर्शही करत नसताना काटा नळीच्या वजनात चुंबकाचे वजन मिळवून दाखवील, कारण नळी चुंबकाला जितके वर ढकलते तितकाच चुंबक नळीला खाली ढकलतो. तेवढ्याच जाडीची ॲल्युमिनियमची नळी मिळाली तर चुंबक तीतून अधिक लवकर पडेल, कारण ॲल्युमिनियम तांब्याइतके चांगले वाहक नाही. प्लास्टिकच्या नळीत काय होईल ते मी सांगत नाही.

लंबकाबद्दलची तुझी शंका रास्त आहे. लेओं फूको यांनी १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑन या इमारतीच्या घुमटाखाली ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून हा प्रयोग लोकांसमोर केला, तेव्हा तेथे विद्युतचुंबक नव्हता. गोळ्याचा झोका हवेच्या विरोधामुळे हळूहळू लहान होत गेला, की तो पुन्हा सोडावा लागे. प्रदर्शनातील लंबक दिवसभर झुलावा म्हणून वरच्या बाजूला वलयाच्या आकाराचा विद्युतचुंबक बसवतात. तो तारेच्या सर्व बाजूंना सारखाच असतो. लंबक ज्या दिशेने झुलत असेल त्याच दिशेने तो ओढ देतो, झोक्याची उंची टिकवतो, परंतु झोक्याची दिशा वळवत नाही. झोपाळ्यावर बसलेल्याला मागून बरोबर वेळी हलकासा धक्का देण्याइतकाच त्याचा वाटा आहे. वलय जराही कललेले असेल तर मात्र दिशेवर परिणाम होतो, आणि अशी मांडणी अचूक करणे हे कारागिरांच्या कसबाचे काम असते. म्हणून तुझ्या संशयाला मी निराधार म्हणणार नाही.

तपासायचे असेल तर एक मार्ग आहे. उत्तर किंवा दक्षिण ध्रुवावर टांगलेल्या लंबकाच्या झोक्याची दिशा सुमारे २४ तासांत एक पूर्ण फेरा घेईल, विषुववृत्तावर ती वळणारच नाही आणि मधल्या ठिकाणी अक्षांशाप्रमाणे मधला वेग असेल. ताशी १५ अंशांना अक्षांशाच्या साइनने गुणले की हा वेग मिळतो. ३० अंश अक्षांशावर तो ताशी साडेसात अंश येतो, म्हणजे पूर्ण फेऱ्याला ४८ तास लागतात. पॅरिसमध्ये सुमारे ३२ तास. तू जेथे लंबक पाहिलास तेथील अक्षांश नकाशात पाहा, हिशेब कर, आणि सकाळी आल्या आल्या झोक्याची दिशा खुणेने टिपून निघताना पुन्हा टीप. दोन्ही आकडे जुळले, तर लंबक प्रामाणिक आहे.

चेंडूच्या फलकावर तू समाधान मानले नाहीस हे उत्तम झाले. ‘वेगवान हवेचा दाब कमी असतो’ हे वाक्य शाळेच्या पुस्तकांपासून प्रदर्शनांपर्यंत सर्वत्र भेटते, परंतु येथे ते दिशाभूल करते. ज्यावरून ते घेतले आहे तो बेर्नुली यांचा नियम एकाच प्रवाहातील दोन ठिकाणांची तुलना करतो. पंख्याने ऊर्जा दिलेली झोतातील हवा आणि खोलीतील स्थिर हवा यांची तुलना त्याने करता येत नाही, आणि मोकळ्या झोतातील दाब सभोवतालच्या हवेइतकाच जवळजवळ असतो. खरा प्रकार असा की हवा गोल पृष्ठभागाला लगटून वाहते. चेंडू झोताच्या एका बाजूला सरकला, की झोताचा मोठा भाग त्याच्या आतल्या बाजूने वळसा घेतो आणि चेंडूच्या मागून बाहेरच्या दिशेला वळून निघतो. चेंडूने हवेला बाहेर वळवले, तर हवेने चेंडूला आत ढकलले पाहिजे. झोत तिरपा असताना याच ढकलण्यातून चेंडूला वर तोलणारा आधारही मिळतो. कागदाची पातळ पट्टी चेंडूच्या वरच्या बाजूला वेगवेगळ्या ठिकाणी धरून पाहिलीस, तर चेंडू मध्यभागी असताना ती सरळ आणि चेंडू सरकलेला असताना वाकडी उडताना दिसेल. एका ओळीचे स्पष्टीकरण वाचून पुढे जाणाऱ्याला ही पट्टी धरण्याची बुद्धी होत नाही, ही माझी अशा फलकांविषयीची जुनी तक्रार आहे.

सावल्यांविषयी थोडक्यात. तीनही दिवे जेथे एकत्र पडतात तेथे पडदा पांढरा दिसतो. तुझ्या हाताने निळ्या दिव्याचा प्रकाश अडवला, तेथे अंधार झाला नाही. तांबडा आणि हिरवा प्रकाश पोचतच राहिला, आणि या दोहोंचे मिश्रण आपल्याला पिवळे दिसते. तांबडा दिवा अडला तेथे निळसर हिरवी आणि हिरवा अडला तेथे गुलाबी जांभळी सावली पडली. तिन्ही सावल्या जेथे एकमेकींवर पडतात, तेथे मात्र तुला तुझी ओळखीची काळी सावली सापडेल. पिवळा रंग त्या पडद्यावर नव्हता, तो तुझ्या डोळ्यांनी बनवला. डोळ्यांच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी तीनच प्रकारच्या असतात. इंद्रधनुष्यातील शुद्ध पिवळा प्रकाश आणि तांबड्या-हिरव्याचे योग्य मिश्रण या दोहोंमुळे त्या सारख्याच प्रमाणात उत्तेजित होतात, म्हणून मेंदूला दोहोंतील भेद कळत नाही. कान असा फसत नाही, ही मौजेची गोष्ट. दोन स्वर एकत्र वाजवले तर त्यांच्या मधला तिसरा स्वर ऐकू येत नाही, दोनच ऐकू येतात.

कुजबूज पोचवणाऱ्या वाडग्यांचा तू प्रश्न केला नाहीस, पण त्यांचा आकार अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) असतो. एका ठरावीक बिंदूपाशी केलेला आवाज त्यावरून परावर्तित होऊन समांतर निघतो आणि समोरचा वाडगा तो पुन्हा एका बिंदूत गोळा करतो. शंकूचे उत्तर तुला रुळांना बाजूने पाहिल्यावर मिळेल. रूळ चढाकडे एकमेकांपासून दूर जातात, त्यामुळे शंकू त्यांच्या मध्ये खोल रुतत जातो. त्याच्या मधोमध खडूची खूण करून ती जमिनीपासून किती उंच आहे हे दोन्ही टोकांना मोज.

दुसरे पत्र

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दरवर्षी मुलांना अशा प्रदर्शनाला नेतो आणि दरवर्षी निराश होऊन परततो. मुले एका वस्तूपासून दुसरीकडे धावतात, बटणे दाबतात, उत्तर येण्याआधीच निघून जातात. फलक कोणीही वाचत नाही. म्हणून यंदा मी वीस प्रश्नांची तक्ता-पत्रिका दिली, तर मुलांनी फलकांवरची वाक्ये उतरवून घेतली आणि वस्तूंना हातच लावला नाही. या भेटींतून शिकणे खरोखर घडते का?

उत्तर

आपले दोन्ही अनुभव मला ओळखीचे वाटले. वरील विद्यार्थिनीचे पत्र आपण वाचले असेल, तर तिच्याही दिवसाचा पहिला अर्धा तास धावण्यातच गेला होता, हे आपल्या लक्षात आले असेल. ते धावणे मी वाया गेलेले मानत नाही. येथे काय काय आहे, कोणती वस्तू आपल्याशी ‘बोलते’ हे ठरवण्याचा मुलांचा तो मार्ग आहे. अडचण धावण्यात नसून दुसऱ्या फेरीसाठी वेळच न ठेवण्यात असते. एका भेटीत साठ वस्तू पाहून होण्यापेक्षा साठ पाहून मग त्यांतील तीन वस्तूंपाशी परत येणे मला अधिक मोलाचे वाटते.

बटणाविषयीची आपली नाराजी मात्र जुनी आणि बरीचशी खरी आहे. प्रेक्षकांना स्वतः प्रयोग सुरू करू देण्याची कल्पना बर्लिनच्या युरेनिया या संस्थेने १८८८ पासून राबवली, आणि पुढे म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमने, ज्याची स्थापना १९०३ ची, चालती यंत्रे मोठ्या प्रमाणावर मांडली. परंतु बटण दाबून ठरलेली क्रिया पाहणे आणि स्वतः काहीतरी बदलून पाहणे यांत अंतर आहे. हे अंतर ज्यांनी नेमके ओळखले त्यांत फ्रँक ओपनहायमर यांचे नाव घ्यावे लागते. ते अणुबाँबच्या प्रकल्पाशी निगडित असलेल्या रॉबर्ट ओपनहायमर यांचे धाकटे बंधू आणि स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. राजकीय कारणांमुळे विद्यापीठाबाहेर पडावे लागल्यावर त्यांनी काही वर्षे गुरे पाळली आणि मग एका लहान गावच्या शाळेत विज्ञान शिकवले. पुढे विद्यापीठात परतल्यावर विद्यार्थ्यांनी हवे तेव्हा येऊन हाताळावेत असे अनेक प्रयोग त्यांनी मांडले, आणि त्याच वाटेने १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले. कार्यशाळा तेथे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ठेवली होती, वस्तू बनताना आणि दुरुस्त होतानाही दिसाव्यात म्हणून. शाळामास्तराच्या अनुभवातून हे घडले, याकडे आपले लक्ष मुद्दाम वेधतो.

तक्ता-पत्रिकेबद्दल माझे मत कठोर आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर फलकावर छापलेले आहे, तो प्रश्न मुलांना फलकाकडेच पाठवतो. मुलांनी आपल्याला फसवले नाही, पत्रिकेने जे मागितले तेच दिले. त्याऐवजी कोरा कागद द्यावा आणि एकाच वस्तूविषयी तीन ओळी मागाव्यात : मी काय बदलले, काय होईल असे मला वाटले होते, आणि प्रत्यक्षात काय झाले. दुसरी ओळ हात लावण्याआधी लिहून घेण्याचा आग्रह मात्र धरावा, नाहीतर प्रत्येकाचे भाकीत खरेच ठरते. ज्यांचा अंदाज चुकला त्यांचे कागद दुसऱ्या दिवशी वर्गात आधी वाचावेत. तांब्याच्या नळीपाशी ‘चुंबक चिकटेल’ असे लिहिणारी मुले बहुसंख्य असतील, आणि तो तास आपल्याला वेगळा शिकवावा लागणार नाही.

तिसरे पत्र

माझ्या मुलीने प्रदर्शनात एका चकचकीत धातूच्या गोलावर हात ठेवून काढलेले छायाचित्र पाठवले. तिचे सगळे केस उभे राहिले होते. त्या यंत्रात लाखो व्होल्टचा दाब असतो असे तिने आनंदाने सांगितले आणि आमच्या घरात मात्र घबराट झाली. आता माझ्या दुसऱ्या मुलीलाही तेथे जायचे आहे. हे सुरक्षित असते का?

उत्तर

व्यवस्थित चालवलेल्या प्रदर्शनात, निरोगी व्यक्तीसाठी, होय. हे यंत्र रॉबर्ट व्हॅन डी ग्राफ यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी त्याचे पहिले रूप १९२९ मध्ये तयार केले. त्यातील फिरता पट्टा विद्युतप्रभार उचलून गोलावर नेऊन टाकत राहतो. लाखो व्होल्ट हा आकडा खरा असला तरी इजा ठरते ती शरीरातून किती प्रवाह किती वेळ वाहतो आणि किती ऊर्जा बाहेर पडते यावर. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या गोलावर तीन लाख व्होल्ट असतील, तर त्यात साठलेली ऊर्जा पाऊण ज्यूल भरते. एक किलोचे वजन सुमारे साडेसात सेंटिमीटर उचलायला तेवढीच लागते. तेवढी संपली की यंत्राला पुन्हा सावकाश साठवण करावी लागते. घरातील विद्युतजोडणीचे व्होल्ट याच्या हजारावा हिस्साही नसतात, पण तेथून प्रवाह अखंड वाहू शकतो, म्हणून ती कितीतरी अधिक धोकादायक आहे. आपली मुलगी प्लास्टिकच्या चौरंगासारख्या आसनावर उभी असेल. त्यामुळे प्रभार जमिनीत न जाता तिच्या अंगभर पसरला, प्रत्येक केसाला सारख्याच जातीचा प्रभार मिळाला आणि केस एकमेकांना दूर लोटू लागले.

हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी या यंत्रापासून दूर राहावे, आणि इतरांनीही मार्गदर्शकांनी गोल निष्प्रभार करेपर्यंत आसनावरून उतरू नये. घाईने उतरल्यास बोटांना चांगलाच चटका बसतो. घरी असे यंत्र बनवून त्याला प्रभार साठवणाऱ्या बरण्या जोडण्याचे प्रयोग मुळीच करू नयेत, कारण मग वरचा पाऊण ज्यूलचा हिशेब लागू राहत नाही. दमट हवेत यंत्र नीट चालत नाही, प्रभार पृष्ठभागावरील ओलाव्यातून झिरपून जातो. आपली दुसरी मुलगीही जाणार असल्याचे आपण लिहिले आहे. तिला केस कोरडे आणि मोकळे ठेवून जायला सांगावे, नाहीतर छायाचित्रात केवळ तिचे हसूच येईल.